आज मचवा लवकर सोडला

मुंबईच्या खोलीवरच्या गाववाल्यांनो, हे सगळ्यांना वाचून दाखवा.

आज सकाळी बंदरावर कोळशाची पोती मचव्यात भरली. डोंगरातलं जंगल तोडून, भट्ट्या लावून केलेला हा कोळसा तुमच्या मुंबईला जातो आणि त्यावर आपलं गाव जगतं. ओहोटी लागली की मचवा चिखलात रुततो. त्या धास्तीने मचवा लवकर सोड म्हणून मी तो हाकणाऱ्या दाऊद तांडेलाच्या मागे लागलो होतो.

तो हसला. "आप्पा, दर्यापेक्षा तुमचीच घाई जास्त हाय." मग डोंगराकडे बघून म्हणाला, "जरा थांबू या का? पायवाटेनं कुणी झोळी आणतंय."

"हिरडे घेऊन येत असतील. सोड तू," मी म्हणालो.

मचवा वळणाआड गेला आणि झोळी बंदरावर आली. आत सोमा कातकरी होता. मातीने लिंपलेल्या पेटत्या भट्टीवर चालून माती कुठे खचतेय ते पायाने चाचपायचं, हे त्याचं काम. आज माती खाली गेली आणि पाय मांडीपर्यंत भाजला.

त्याची बायको रिकाम्या खाडीकडे बघत म्हणाली, "गेला व्हय मचवा?"

मचवा अलिबागवरूनच जातो; तिथल्या दवाखान्याची दुसरी वाट डोंगरातून, अख्ख्या दिवसाची.

सोमा माझ्या पडवीत कण्हतोय. संध्याकाळच्या भरतीला दुसरा मचवा येईल, तोवर तग धरला तर त्याला नेऊ. हा कागदही त्यातूनच येईल.

दाऊद थांबायला तयार होता, हे मी सोमाच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती मला पाणी आणून देते, "आप्पा, बसा जरा" म्हणते. तुम्ही सांगितलं असतं का?