दोन किल्ल्यांचं कपाट

आमच्या अचलपूरच्या घरातलं लोखंडी कपाट एका किल्लीने उघडत नसे. बाबा सहकारी बँकेत मॅनेजर होते. तिथल्या तिजोरीला मॅनेजरची एक आणि कॅशियरची एक अशा दोन किल्ल्या लागत, आणि आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा नियम बाबांना देवपूजेहून मोठा होता. तो त्यांनी घरीही आणला. परतवाड्याच्या कारागिराकडून कपाटाला दोन कुलपं बसवून घेतली. एक किल्ली त्यांच्या जाकिटात, दुसरी आईच्या कमरेला. आईला साधं घडीचं लुगडं काढायचं असलं तरी दोघांना कपाटासमोर उभं राहावं लागे. शेजारणी हसत. आई म्हणायची, "मी या घरची कॅशियर हावो, बाई. पगार तेवढा नाई."

बँकेत बाबा कुणाला काही कबूल करत नसत. कर्ज मागायला आलेल्याला चहा पाजत, पोराबाळांची चौकशी करत आणि इतक्या गोडीने नाही म्हणत की तो हात जोडून जाई. ते पाहूनच पक्षाच्या लोकांनी त्यांना विधानसभेला उभं केलं असावं. चांदूर बाजारच्या सभेत कुणी रस्ता मागितला, तर बाबा म्हणाले, "आधी कागदपत्रं पाहू." लोकांना वाटलं, काय खरा माणूस आहे. आले निवडून.

वर्षभरात तऱ्हा उलटी झाली. आता त्यांच्याने कुणालाच नाही म्हणवेना. विहीर असो, बदली असो, कुणाचं बारसं असो, सगळ्यांना "करतो" आणि "येतो". घरच्यांनाही तेच. ताईला पाहायला अकोल्याची मंडळी आली, त्या दिवशी "येतोच" म्हणून गेलेले बाबा कुठल्याशा पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करत राहिले. त्यांच्या जागी मामा बसला. पाहुण्यांनी त्यालाच आमदार समजून एस.टी.च्या फेऱ्यांचं गाऱ्हाणं घातलं, आणि मामानेही "पाहतो" म्हणून टाकलं.

मुलगी पसंत पडली. साखरपुडा, म्हणजे आमच्याकडचं साक्षगंध, ठरलं ते मात्र नेमकं नागपूरच्या अधिवेशनाच्या दिवसांत. निघायच्या दिवशी बाबा म्हणाले, "मी येतोच." ते ऐकून ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला म्हणाली, "बाबा नसले तं मी पाटावर नाई बसत." एरवी ती हट्ट करणारी नव्हती, म्हणून मला जास्तच भीती वाटली. बाबांचा तर इतका राग आला की मी त्यांच्या पाया पडायला गेले नाही.

आईने बाबांना कपाटापाशी बोलावलं. ताईचा शालू, जावयाची अंगठी, स्वतःची गळ्यातली एकदाणी, सगळं आत ठेवलं. दोघांनी आपापली किल्ली फिरवली आणि बाबा जाकिटासकट नागपूरला गेले.

साक्षगंध तोंडावर आलं तेव्हा घरात एकच गोंधळ उडाला. सगळं सामान कपाटात आणि एक किल्ली नागपुरात. मामाने कपाळाला हात लावला. "बाई, हे तुह्या ध्यानात कसं नाई आलं?"

"आता जाय अन् किल्ली घेऊन ये," आई म्हणाली.

मामा एस.टी.ने गेला आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत आला. भयंकर चिडला होता. "किल्ली मांगतली तं जाकिटावर हात ठेवून बसले. म्हने, दुसऱ्याच्या हाती देता येत नाई, नेम हाय. मी काय चोर हावो का? सख्खा साळा हावो."

"मंग?" आईने कणीक मळता मळता विचारलं.

"मंग काय, सोताच येऊन रायले."

आईने कणकेवरून पाण्याचा हात फिरवला आणि पुन्हा मळू लागली. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बाबा निघायच्या वेळी तिने घाईघाईने कपाट का भरलं, ते मला तेव्हा कुठे कळलं.

साक्षगंधाच्या सकाळी बाबा उतरले ते चहा न घेता थेट कपाटासमोर उभे राहिले. किल्ल्या फिरल्या, शालू निघाला, ताई पाटावर बसली. अकोल्याच्या मंडळींना खरा आमदार दिसला आणि मामाची आमदारकी गेली. विधी चालू असताना ताई सारखी वळून पाहत होती, बाबा आहेत ना म्हणून. बाबांच्या ते लक्षात आलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझा सगळा राग तिथेच संपला.

संध्याकाळी परत निघताना बाबांनी जाकिटातून किल्ली काढून आईपुढे धरली. त्यांनी नियम मोडायला काढलेला मी जन्मात तेवढ्या एकदाच पाहिला.

"ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले. "पुन्हा असा घोटाळा नको."

आईने हात पुढे केला नाही. हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

"राहू द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "धाकटीचं अजून व्हायचं हाय."