युयूएन्कोडवाले गृहस्थ
नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुंभकोणमच्या इंटरनेट सेंटरात ते गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. की-बोर्ड रुमालानं पुसत आणि न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटावर, भांडायला लागत. तिथं चित्र पाठवायचं तर आधी त्याची अक्षरं करावी लागत. त्याची जुनी पद्धत युयूएन्कोड, नवी माइम. गृहस्थ जुनीचे कैवारी. स्वतः मात्र त्यांनी एकही चित्र कधी पाठवलं नव्हतं.

एकदा परदेशातल्या कुणीतरी तिथं विनवलं, "वडील फार आजारी आहेत. कुंभकोणमचा मेलकावेरीचा घाट एकदा पाहायचा म्हणतात. कुणी फोटो पाठवाल का?" गृहस्थांकडे तो फोटो होता. पण त्या माणसाच्या संगणकावर फक्त माइम उघडत असे.

"मग माइमनं पाठवून टाका ना," मी म्हटलं.

"चित्र काय, कोणीही पाहील हो. पद्धत कोण राखील?"

त्यांनी त्याला युयूएन्कोड कसं वापरावं याचा लांबलचक उपदेश धाडला.

काही आठवड्यांनी त्या माणसानं कळवलं, वडील गेले. सोबत वडिलांचा फोटो जोडला होता. गृहस्थांचा प्रोग्राम फक्त युयूएन्कोड उघडत असे; त्यांच्या पडद्यावर चित्राऐवजी नुसती अक्षरं उमटली. ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी ओशाळतील.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "अजून माइमच!"