फितीआडची मशीन

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात एवढी महागडी मशीन आली आणि आठ महिने प्लास्टिक पांघरून बसली! कंपनीचा माणूस येऊन ती लावून गेला, रश्मीला चालवायला शिकवून गेला. पण उद्घाटनाला पाहुणे मिळेनात, म्हणून विभागप्रमुखांनी खोलीला कुलूप घातलं आणि दारावर लाल फीत बांधून ठेवली. अरे, मशीन संशोधनासाठी आणली की आरतीसाठी?

रश्मीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वरोऱ्याची ही पोरगी रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. धानाच्या तुसाच्या राखेपासून तिनं एक भुकटी बनवली होती. पाण्यातलं विषारी फिनॉल तोडायला ती भुकटी मदत करायची आणि स्वतः संपायची नाही. सगळी करामत भुकटीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची. एका ग्रॅममधली भोकं उलगडून पसरली, तर अख्खं खळं झाकलं जाईल. पण नेमकं किती, ते ही मशीनच सांगणार. शुक्रवारपर्यंत तो आकडा पाठवला नाही, तर तिचा शोधनिबंध परत येणार होता. नागपूरच्या प्रयोगशाळेत दोन महिने नंबर लागत नव्हता.

"सर, एकदाच चालवू द्या ना," ती विभागप्रमुखांना म्हणाली.

"उद्घाटनाआधी? लोक काय म्हणतील? आणि द्रव नायट्रोजन आहे कुठे आपल्याकडे?"

घ्या! मशीन घेतली, तिला लागणारा नायट्रोजन मागवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रश्मी तडक जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या याच नायट्रोजनात गोठवून ठेवतात. तिथल्या प्रवीणभाऊंनी तिचा कॅन भरून दिला.

"गाय गाभण करते का मशीन?" ते हसले. "जल्दी वापर बाई, उडून जाते हे."

गुरुवारी दुपारी ती परतली, तर उद्घाटन दुसऱ्याच दिवशी ठरलेलं. सर पाहुण्यांच्या तयारीला गेलेले, फोन उचलत नव्हते. कॅनच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. ती कुलपासमोर उभी राहून रडकुंडीला आली.

"एवढ्या दुरून आणलं, इथी उडून राह्यलं, अन् फितीले हात लावायचा नाई?"

असं म्हणत कॉलेजच्या चाव्या सांभाळणाऱ्या अंजनाबाईंनी कमरेची किल्ली काढली. "तोंड पाहून राह्यली काऊन? काप!"

रश्मीनं कात्री चालवली. भुकटी आधीच तापवून सुकवलेली होती. संध्याकाळपर्यंत आकडा आला, आणि लगेच पाठवलाही गेला.

शुक्रवारी दारावर नवी कोरी फीत होती. पाहुण्यांनी ती कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग पाहुणे म्हणाले, "जरा चालवून दाखवा."

सरांचा चेहरा पडला. ते इकडंतिकडं बघायला लागले. शेवटी मागून रश्मी पुढे आली.

"काल चालली, साहेब. दवाखान्यातून नायट्रोजन मागून आणला होता, तो संपला. आज आमच्याकडं फक्त फीत आहे."