शेऱ्याचा रकाना मोठ्या पडद्यावर

लॅपटॉप टीव्हीला जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, असं मी मिरजेच्या पाहुण्यांना फोनवर सांगून बसलो होतो. मला कुणी विचारलं नव्हतं.

झालं असं की, आमच्या मुग्धाला मिरजेचं स्थळ आलं. मुलगा निखिल बंगळूरला, मुग्धाही बंगळूरलाच. दोघं तीनदा भेटली, दोघांचा होकार! निखिलची आईसुद्धा तिकडे जाऊन मुलगी बघून आली. अडलं होतं ते फक्त निखिलच्या आजीपाशी. तिला एवढा प्रवास झेपत नव्हता, आणि मोबाईलवर मुग्धा म्हणजे नुसता ठिपका दिसायचा.

"पोरगी डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या व्हय म्हणायची न्हाई," असं आजीनं जाहीर केलं होतं.

"त्यात काय! वाईला या, आमचं घर बघा, मुग्धाला टीव्हीवर बघा," मी म्हणालो. (निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांना 'सोपं आहे' म्हणायची सवय!)

त्या सकाळी मुग्धाचा फोन आला. "बाबा, अकरा वाजता मी अर्धा तास काढलाय. मला निखिल खरंच आवडलाय. प्लीज, आज काही गोंधळ घालू नका."

"मी? गोंधळ?" मी म्हणालो आणि वायर घेऊन टीव्हीच्या मागे हात घातला.

आमचा टीव्ही सुतारानं भिंतीतल्या कपाटात असा घट्ट बसवलाय की मागे जेमतेम हात जाईल एवढीच फट. हात गेला. यायला मात्र तयार होईना! नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. निखिलचे वडील शंकरराव आजीला धरून आत आले आणि मी डाव्या हातानंच नमस्कार केला.

"अडकलाय का काय?" शंकररावांनी विचारलं.

"नाही नाही, जरा तपासतोय!"

"काय तपासताय? निघत नाहीये हात!" माझी बायको सुनंदा खोबरेल तेलाची बाटली घेऊनच आली. पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी तिनं माझ्या मनगटावर तेल ओतलं. हात सुटला, पण आता वायर हातात राहीना.

"द्या हिकडं," शंकरराव म्हणाले. मिरजेत त्यांचा तंबोरे बनवायचा कारखाना आहे. त्यांनी फटीत दोन बोटं सरकवली आणि डोळे मिटले. "भोपळ्याच्या आत काय दिसतंय व्हय? सगळं बोटांनीच वळखायचं. आता भोपळा कसा असतोय बघा, तो आधी वाळवायचा..." भोपळा वाळेपर्यंत खट्ट आवाज आला आणि वायर बसली.

मी रिमोट घेतला. (दुकानातून आणल्यापासून तो प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. टिकायला नको?) दोन-चार बटणं दाबली आणि पडदा उजळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

पडद्यावर तक्ता होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुग्धा : स्थळे'.

बत्तीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरे लिहिलेला माणूस मी. मुलीची स्थळं आली तेव्हाही लॅपटॉपवर तक्ता केला आणि शेवटचा रकाना ठेवला 'शेरा'. 'कऱ्हाड : मुलगा चांगला, मामा फार.' 'उंब्रज : घर हायवेला लागून, बोललेलं ऐकू येत नाही. हा गुणही असू शकतो.' पाहुण्यांची नावं चुकू नयेत म्हणून सकाळी मी तो उघडला होता. बंद मात्र केला नव्हता.

"काय लिवलंय त्येच्यात?" आजीनं विचारलं.

"काही नाही, जुना हिशेब!" मी लॅपटॉपवर झडप घातली. तेलकट बोटं घसरली आणि बंद व्हायच्या ऐवजी अक्षरं मोठी होत गेली. शेवटी अख्ख्या पडद्यावर फक्त मिरज उरलं, एकेक अक्षर कलिंगडाएवढं!

"आगं बया! आता दिसतंय की लख्ख!" आजीनं चष्मा नीट केला. चौथीपर्यंतचं शिक्षण तिनं त्या दिवशी पुरेपूर वापरलं. "मुल-गा उत्-तम. आजी पिरेमळ, पर हट्टी. वडील तंबोऱ्यावर बोलू लागले की... थांबत न्हाईत. काल फोन टेबलावर ठिवून... दाढी करून आलो, तरी चालूच हुते. उपाय : फोन सुनंदाकडं देणे."

एरवी पाहुणे आले की वीज हमखास जाते. त्या दिवशी गेली नाही.

तेवढ्यात मुग्धाचा कॉल आला, मी तो घाईघाईनं घेतला आणि तक्त्याच्या जागी ती पडद्यावर प्रकटली. "नमस्कार आजी! बाबा, सगळं नीट चाललंय ना?"

शंकररावांचा चेहरा तांबडालाल झाला होता. पोरीचं जुळलेलं लग्न मी स्वतःच्या हातानं मोडलं होतं.

आणि आजी हसायला लागली! पदर तोंडाला लावून, गदागदा! "शंकऱ्या, तीस वरसं म्या ह्येच सांगतीया! मास्तर, लय खरं लिवलंय तुमी. पर मला हट्टी म्हटलंय, त्ये खोडा."

"खोडतो."

"कवा?"

"आत्ता!" मी तक्ता पुन्हा पडद्यावर आणून सगळ्यांसमोर ते खोडलं. आजीनं पडद्यावर बघून खात्री करून घेतली. मग मी मुग्धाला परत पडद्यावर आणलं, तशी आजी उठली, टीव्हीजवळ गेली आणि मुग्धाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "पोरगी लय ग्वाड हाय. फोडा सुपारी!"

शंकरराव मात्र अजून माझ्याकडेच बघत होते. "दाढी? खरंच दाढी केलीत?"

"आंघोळसुद्धा," सुनंदानं प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा कुठे ते हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

लग्न थाटात झालं. व्याह्यांनी त्या दिवशी वायर कुठे लावायची ते बोटांनीच पाठ करून घेतलं होतं. मिरजेच्या टीव्हीला त्यांनी ती पहिल्या झटक्यात जोडली. आता दर रविवारी सकाळी ते मांडीवर भोपळा घेऊन आमच्या टीव्हीवर येतात आणि बोलू लागतात. मी खुर्चीत बसलोय की नाही, हे त्यांना तिकडे मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसतं. फोन असता तर सुनंदाकडे दिला असता, पण भिंतीतला टीव्ही कसा देणार?

हल्ली मी दाढी सोमवारी करतो.