सत्तावन्न पंच्याण्णवांशाची काट

माझं लग्न एका अपूर्णांकापायी मोडता मोडता राहिलं, असं सांगितलं की लोक हसायला लागतात. हसा बापडे. पण आधी माझी काय फजिती झाली ती ऐकून तर घ्या.

मी बारामतीत गणिताच्या शिकवण्या घेतो. राहायला जळोचीला. पोरांनी अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिला नाही, तर उत्तर बरोबर असलं तरी मी गुण कापतो. वरच्या आणि खालच्या आकड्याला एकाच संख्येनं भाग जातोय ना? मग काट मारत मारत पार तळाला जायचं. अध्येमध्ये थांबलेलं मला खपत नाही. आता असला माणूस मुलगी बघायला गेल्यावर तरी गप्प बसेल का?

स्थळ निमगाव केतकीचं. मुलगी सुजाता, बावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. माझे मामा निमगावातच राहतात, त्यांनीच जमवून आणलेलं. आईला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि गेलो. पोहे झाले, चहा आला. सुजाताचे वडील, तात्या, समोर बसलेले. त्यांची डाळिंबाची बाग. माझ्या कमाईबिमाईत त्यांना काही रस दिसला नाही.

"सर, तुमी गणितातलं म्हणं," ते म्हणाले. "औंदा पंच्याण्णव रोपं लावली. सत्तावन्न जगली. म्हंजी किती हिस्सा जगला म्हणायचा?"

मी कप खाली ठेवला. मनातल्या मनात दोननं बघितलं, तीननं बघितलं, पाचनं, सातनं. दोन्ही आकड्यांना एकदम कशानंच भाग जाईना.

"सत्तावन्न पंच्याण्णवांश," मी म्हणालो. "याला काट जात नाही, तात्या. हेच अतिसंक्षिप्त रूप."

"आसं व्हय," तात्या म्हणाले.

सुजाता कप गोळा करत होती. ती हळूच म्हणाली, "एकोणीसनं जात नाही का?"

इथं शहाण्या माणसानं एकोणीसचा पाढा म्हणून बघितला असता. मी काय केलं? मी हसलो. शिकवणीतल्या पहिल्या बाकावरच्या पोरीकडं बघून हसतो, तसा.

"नाही हो, मॅडम. एकोणीस मूळ संख्या आहे. तिचे कसे भाग पाडणार?"

बोललो ते खरंच होतं. फक्त ते कुणी विचारलं नव्हतं. सुजातानं मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसली. मला वाटलं, लाजली.

परत येताना आईनं मागून विचारलं, "पोरगी चांगली हाय. तुला कशी वाटली?"

"मला पसंत आहे," मी म्हणालो. आई खूश झाली, म्हणून वाटेत रसवंतीवर थांबलो. पहिला घोट घेतला, आणि का कोण जाणे, पाढा आपोआप तोंडात आला. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस पाचे पंच्याण्णव.

उसाच्या रसानंसुद्धा ठसका लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. उत्तर तीन पंचमांश होतं. मुलीनं चहाचे कप उचलता उचलता काढलेलं, आणि मी तिलाच मूळ संख्या शिकवून आलो होतो.

आता हे लगेच कळवायला नको का? मी तिथूनच मामांना फोन लावला. नेमका त्याच वेळी उसाचा ट्रॅक्टर आला, त्यावर गाणी लावलेली, अशी की शेजारचं माणूस ऐकू येऊ नये.

"मामा, त्यांना सांगा, माझी चूक झाली."

"काय झालं?"

"चूक, चूक. काट मारायला पाहिजे होती. तिथंच मारायची, पण माझ्या ध्यानात आलं नाही. आता मारलीय म्हणून सांगा."

मग मामा म्हणाले, "नक्की का? परत इचार कर."

"त्यात विचार काय करायचा? सरळ दिसतंय. मुलीला तर तेव्हाच कळलं होतं, मलाच उशीर लागला."

"बरं बाबा. सांगतो," मामा म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. मला वाटलं, रेंज गेली असेल.

मामांनी निरोप पोचवला. शब्दाला शब्द.

संध्याकाळी घरी चहा घेत बसलो होतो, तर एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी सुजाता बोलतेय. तुम्ही काट मारली म्हणून मामा सांगून गेले. तात्या दुपारचे जेवले नाहीत. आई म्हणतेय, पोह्यांत मीठ जास्त पडलं असेल. मला एवढंच विचारायचंय. काट नक्की कुणाला मारली? मला, का अपूर्णांकाला?"

"अपूर्णांकाला," मी उठून उभाच राहिलो. "शप्पथ, अपूर्णांकाला."

"वाटलंच मला. पण हे तुम्हीच येऊन सांगा. मी सांगितलं तर तात्यांना वाटेल, पोरगी समजूत काढतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. तात्या बागेत पाण्याच्या नळ्या बघत होते. त्यांनी या म्हटलं नाही, की बसा म्हटलं नाही. मी एक काटकी घेतली, मातीत सत्तावन्न पंच्याण्णवांश लिहिलं आणि सुरू झालो. अंश सांगितला, छेद सांगितला, एकोणीसनं काट मारून दाखवली, ट्रॅक्टर सांगितला, गाणी सांगितली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी पाचातली तीन जगली."

"हो, तात्या."

"ते पोरीनं तुमची गाडी वळायच्या आत सांगितलं हुतं. माझं इचारणं येगळंच हाय. पोरगी पसंत हाय का न्हाय?"

"त्याचं असं आहे, तात्या, मुळात मी जेव्हा पहिल्यांदा बघितलं, तेव्हापासूनच माझ्या मनात…"

"सर," मागून सुजाताचा आवाज आला, "अतिसंक्षिप्त रूपात."

"हाय," मी म्हणालो.

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनंही तेवढंच उत्तर दिलं.

लग्न ठरलं. पण मामांनी दोन्ही घरांना बजावून ठेवलं, की या पोराला फोनवर काही बोलू द्यायचं नाही आणि बैठकीत तर बसवायचंच नाही. मग सगळं परस्परच ठरत गेलं. मला फक्त पत्रिका आणायला पाठवलं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून. छापखान्यात गठ्ठा सोडला, वरची पत्रिका उघडली, तेव्हा कळलं मला, माझं लग्न कधी आहे ते.