दोन दिवसांची पट्टी

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, भिवंडीत, माझा घोळणा फुटला. लहानपणी फुटायचा तसा थांबला मात्र नाही. सासूबाईंनी मला आडवं करून टाळूवर गार पाण्याची धार धरली, कांदा हुंगायला दिला, दूर्वांचा रस नाकात पिळला. जीव तोडून करत होत्या बिचाऱ्या. पण रक्त घशातून पोटात जात होतं. मला रक्ताची उलटी झाली तेव्हा त्यांनी यांना कापडाच्या लूमवरून बोलावून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला आधी उठवून बसवलं, पुढे वाकवलं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरला. आडवं कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. दहा मिनिटांनी चिमटी सोडली, तर धार पुन्हा लागली. मग औषधात भिजवलेली लांब, अरुंद पट्टी ते चिमट्याने नाकपुडीत कोंबत गेले, एकीत झाल्यावर दुसरीत. ती संपेचना. दोन दिवस हात लावायचा नाही, म्हणाले आणि मला तिथेच ठेवून घेतलं.

माझी खाट भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे लूम चालू. तोंडाला कोरड पडलेली, घोट गिळला की कानांत दडे बसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाएकी वाटलं, आता श्वास पुरणार नाही. गालावर चिकटवलेलं पट्टीचं टोक सोडवून मी ती ओढायलाच लागले.

शेजारच्या खाटेवर हात मोडलेली एक बाई होती, एका यूपीच्या विणकराची बायको. तिने उठून चांगल्या हाताने माझं मनगट पकडलं. मी हिसका दिला, तिने सोडलं नाही.

"नाक को भूल जा," ती म्हणाली. "मुँह तो खुला है ना? मेरे साथ साँस ले."

ती तोंड उघडून सावकाश श्वास घ्यायची, मी तसाच घ्यायची. चहा येईपर्यंत आम्ही एवढंच करत बसलो.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. फुटलेली शीर डॉक्टरांना आता दिसली. तिला त्यांनी औषधाची काडी टेकवली. मिरची लागावी तशी आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि रक्त थांबलं ते थांबलंच.

हे मला न्यायला आले, तेव्हा ती बाई एका हाताने केसांतली गुंत सोडवत होती. मी यांना दारात थांबायला सांगितलं, तिच्या मागे बसले आणि तिची वेणी घालून दिली.