पोर्तुगालच्या राजाचा मुरबाडचा दुभाषी

पोर्तुगालच्या राजाच्या दरबारात उभं राहून प्रत्यक्ष बोललेला माणूस या तालुक्यात आता मी एकटाच उरलो आहे. तिथे मी काय बोललो, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मित्राला सांगावं तसंच सांगतो.

दरबार मुरबाडला, शाळेपुढच्या पटांगणात भरला होता. राजा म्हणजे आमचे ड्रॉइंग मास्तर. सिंहासन म्हणजे हेडमास्तरांची खुर्ची, वर लाल चादर. मुकुटाचा पुठ्ठा घामाने भिजून कानावर उतरत होता, आणि महाराज तो दर दोन वाक्यांमागे वर सारत होते.

साल १९३७, महिना मे. विलायतेत नवा राजा गादीवर बसत होता आणि तिकडे तो बसला म्हणून इकडे मुरबाडात कमानी उभ्या राहिल्या. सुट्टीवर गेलेली मुलं गावोगाव माणूस धाडून परत आणली. राजावरचं प्रेम आपोआप उतू जाताना दिसायला हवं होतं, आणि ते मुलांशिवाय दिसत नाही. प्रांतसाहेब स्वतः येणार होते. कमानीचा, मांडवाचा, पेढ्यांचा खर्च शेठ करणार होते. शेठ म्हणजे कोळशाचे ठेकेदार आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. माझी नेमणूक कायम करायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण म्हणून सांगत नाही — नुसतं होतं, म्हणून सांगतो.

मी इतिहास शिकवायचो. कल्याणहून आणलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्या उन्हाळ्यात वाचत होतो. सोळाव्या शतकातले राजे, त्यांची गलबतं, त्यांचे पंडित. समारंभासाठी काहीतरी ‘राजनिष्ठ आणि बोधप्रद’ लिहा, असं हेडमास्तरांनी सांगितलं, तेव्हा मी तीन प्रवेशांचं नाटुकलं लिहिलं. पोर्तुगीज दर्यावर्दी पश्चिम समुद्रावरून परत येतात. राजापुढे पोपट ठेवतात, सोन्याची भुकटी ठेवतात, आणि बेटावरून धरून आणलेला एक माणूस उभा करतात. मग दरबारचे पंडित वाद घालतात — याला आत्मा आहे का? हसू नका. शेजारच्या स्पेनमध्ये राजाने पंडितांना बसवून अगदी याच जातीचा वाद खरोखर घालायला लावला होता.

मी स्वतःवर भलताच खूश होतो. इंग्रज साहेबाच्या समोर राजांची, पंडितांची टर उडवायची, आणि त्यानेच टाळ्या वाजवायच्या! कुणाच्याच ध्यानात येणार नाही अशी टीका करायला छाती लागत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. की कळलं होतं?

बेटावरचा माणूस म्हणून पाचवीतल्या एका मुलाला काजळ फासायचं ठरलं होतं. पण तो गुबगुबीत होता, कुणी धरून आणलेला वाटत नव्हता. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात सोमा येऊन उभा राहिला.

सोमा कातकरी. जवळच्या वाडीतला. पूर्वी तो मला मध आणून द्यायचा, लाकूडफाटा आणायचा. दिवाळीनंतर वाडीतली घरंच्या घरं शेठच्या कोळशाच्या भट्ट्यांवर जात, ती पावसाच्या तोंडावर परत येत. त्या साली सोमा आणि त्याची बायको जनी डोळखांबच्या वरच्या रानात होते. भट्टीवर एक रीत होती. कोळशाच्या गाड्या आटगाव स्टेशनाला उतरायच्या, तेव्हा नवराबायकोतला एकच जण गाडीबरोबर खाली यायचा. दुसरा वरच राहायचा. म्हणजे खाली आलेला पळत नाही. मुकादमाला दोरी लागत नसे, कुलूप लागत नसे.

सोमा आटगावला गाडी रिकामी करून, मुकादमाच्या माणसाची नजर चुकवून, रात्रभर चालत माझ्याकडे आला होता.

“गुरजी, जनीला ताप हाय. उठवत नाय तिला. मुकादम बोलतो, भट्ट्या इझल्याबिगर कोण खाली जायाचा नाय. येक गेला का समदे जातील.” मग म्हणाला, “सायबाला कागद लिवा ना.”

त्याच्या केसांत, भुवयांत, नखांत कोळसा होता. बरगड्या मोजता येत होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं आणि — हे सांगायला मला इतकी वर्षं लागली — मला अडलेला माणूस दिसला नाही. मला माझा तिसरा प्रवेश दिसला.

मी त्याला म्हणालो, कागद पोहोचायला महिने जातात. उद्या साहेब इथेच येताहेत. तू आमच्या खेळात उभा राहा, काही बोलू नकोस, खेळ झाला की चहाच्या वेळी मी तुला त्यांच्यापुढे नेतो आणि सगळं सांगतो.

“पर गाड्या आज परत जातील, गुरजी. त्यांच्यासंगं गेलो नाय तर तिला कोण बघल?”

एका दिवसाने काय होतं, असं मी म्हणालो. तो गाड्यांबरोबर गेला असता, तर मुकादमाने शिव्या घातल्या असत्या, कदाचित मारलंही असतं, पण तो तिच्याजवळ असता. रात्री पाठीवर घालून तिला खाली आणायचं त्याच्या मनात होतं. तेही त्याने मला सांगितलं होतं. असलं काही करू नकोस, म्हणालो. रीतसर होऊ दे.

खेळ छान रंगला. पोपट सोनाराकडून उसना आणला होता, तो भर दरबारात ‘कोण आलंय, कोण आलंय’ विचारत राहिला. साहेब मनापासून हसले. कोवळा, गोरापान पोरगा, उन्हाने नाक सोललेलं. सगळा वेळ इंग्रजीतच बोलत होता. मी दुभाष्याच्या वेशात होतो — काळा कोट, गळ्याभोवती पतंगाच्या कागदाची झालर. सोमाला साग-पळसाच्या पानांचं नेसवून आणलं. काजळाची गरज पडली नाही.

त्याने राजापुढे गुडघे टेकायचे, एवढंच काम होतं. तो दरबारात आला, ड्रॉइंग मास्तरांकडे त्याने एकदा पाहिलं, पुठ्ठ्याच्या मुकुटाकडे पाहिलं, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली. पुढच्या रांगेत साहेबांची खुर्ची होती. तिच्यासमोर जाऊन त्याने गुडघे टेकले. सगळं पटांगण हसलं. बेटावरच्या अडाण्याला खरा राजा कोणता ते कळलं, असा अर्थ लोकांनी घेतला. हेडमास्तर माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. हे मीच बसवलंय, असं त्यांना वाटलं.

मग तो बोलला. मोठ्याने, एकेक शब्द सोडवून, बहिऱ्याशी बोलावं तसं.

“सायेब, माजी बायको जनी. वर भट्टीवर हाय. तिला ताप हाय. मुकादम सोडत नाय. तुमचा येक शिपाई द्या. मी तिला पाठीवर आनतो.”

तुम्हाला वाटेल, कुणाला कळलं नसेल. सगळ्यांना कळलं. मागच्या ओळींतले शेतकरी गप्प झाले. पेढ्याची वाट पाहणारी मुलंही गप्प झाली. फक्त पोपट बोलत होता. शेठ साहेबांच्या शेजारी बसून कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते — त्यांचा हातसुद्धा थांबला नाही. मी थोडा वेळ त्या हाताकडे पाहत राहिलो.

साहेबांनी मान वर करून मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतोय हा?

दुभाष्यांबद्दल मी वाचलं होतं. गलबतांवर धरून नेलेल्या माणसांनाच दर्यावर्दी राजाची भाषा शिकवत आणि मग त्यांच्याच भाईबंदांपुढे उभं करत. त्यातले काही खोटं सांगत. ते वाचताना मी समासात पेन्सिलीने रेघ मारली होती, इतकं ते मला रंजक वाटलं होतं. पण त्या माणसांना पळायला जागा नव्हती. मला होती. पटांगणाला कुंपणही नव्हतं.

मी कमरेत वाकलो आणि इंग्रजीत म्हणालो, “एवढ्या थोर राजाच्या छत्राखाली आल्याबद्दल हा धन्यता मानतो आहे, असं म्हणतो, सरकार.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी पत्रिका मांडीवर ठेवली आणि वाजवल्या. मग सगळ्यांनी.

इथे थांबता आलं असतं, नाही का? घाबरलो, म्हणता आलं असतं. पण खेळ संपल्यावर सोमा शाळेमागे आला. पानं अजून अंगावर होती. चहाला त्याला नेण्याचा प्रश्न आता उरला नव्हता. त्याचं सांगून झालं होतं, आणि उत्तर तो माझ्याकडे मागत होता.

“सायेब काय बोललं, गुरजी?”

मी म्हणालो, साहेबांनी ऐकलं. शिपाई पाठवतो म्हणाले. तू इथेच थांब, वर जाऊन भांडण काढू नकोस, म्हणजे काम बिघडेल.

हे कशासाठी बोललो? शेठ तिथे नव्हते. साहेब नव्हते. कुणाची भीती नव्हती. त्याचा चेहरा बघवत नव्हता, एवढंच. आणि त्या वेळी मला ती दया वाटली.

तो शाळेच्या ओसरीवर थांबला. मी त्याला घरून भाकरी पाठवत होतो. रस्त्यावर खाकी कपडा दिसला की उठून उभा राहायचा. पोस्टमनला पाहूनही उठायचा. “आज यील?” विचारायचा. येईल, मी म्हणायचो. एकदा म्हणाला, “शिपाई घोड्यावरून यील का चालत?” मी त्यालाही उत्तर दिलं. घोड्यावरून, म्हणालो.

मग भट्ट्या विझल्या आणि माणसं खाली उतरू लागली. एका दुपारी जनीची मावशी डोक्यावर बोचकं घेऊन शाळेवरून चालली होती. ओसरीवर सोमाला पाहून ती रस्त्यातच थांबली. मी वर्गात कमानीचे बांबू मोजून घेत होतो. खिडकी उघडी होती.

“हतं बसलास तू?” ती म्हणाली. “सावलीला? ती वाट बगून बगून गेली रे. पानी बी मागत नव्हती, तुझंच नाव. आमी तितंच पुरली तिला, भट्टीच्या कडंला. आन् तू हतं भाकरी खातोस?”

“सायबाचा शिपाई येनार व्हता,” सोमा म्हणाला.

“कुनी सांगितला?”

त्याने खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसलो नाही, की लपलो नाही — तेवढंही सुचलं नाही. हातात बांबू धरून उभा होतो. मावशीने मला पाहिलं. मोठ्या तोंडाची बाई म्हणून ती ओळखली जायची, आठवडेबाजारात वाण्याला सोलून काढायची. तिने फक्त बोचकं सावरलं आणि म्हणाली, “चल.”

तो तिच्यामागून गेला. जाताना भाकरीचं फडकं घडी करून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवून गेला.

पुढच्या वर्षी माझी नेमणूक कायम झाली. लढाई आली, गेली. इंग्रजही गेले. शेठ खादी वापरू लागले आणि चांगलं भाषण करू लागले. बाजारात सोमा मला अधूनमधून दिसायचा, लाकडाची मोळी घेऊन. ‘राम राम, गुरजी’ म्हणायचा. त्याला कधी कळलं का, की मी साहेबांना काय सांगितलं होतं? माहीत नाही. मी सांगितलं नाही. साहेबांनी शब्द फिरवला, असंच त्याला वाटत राहिलं असेल. त्या गोऱ्या पोराला मी तेवढं एक खोटं चिकटवून दिलं आणि ते काढलं नाही. शेहेचाळीसच्या सुमारास सोमा बाजारात दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही.

याला काही म्हणू नका. तुमच्याकडून मला काही नको आहे.

इतकी वर्षं एका गोष्टीची मला खात्री होती — त्या दिवशी सोमा आणि साहेब यांच्या मधे फक्त मी उभा होतो. मी खरं बोललो असतो तर जनी वाचली असती. परवा प्रांताच्या कचेरीतले एक जुने, निवृत्त कारकून भेटले. गप्पांत त्या साहेबांचा विषय निघाला. माणूस हुशार होता, म्हणाले. मुरबाडच्या समारंभाला येण्याआधीच तो मराठीच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला होता.